पिंपळगाव ते न्हावाशेवा : अठ्ठावीस टन कांदा, कसारा घाट आणि चार दिवस

गाडी आमची असून मी तिच्यात बसून बंदरापर्यंत कधी गेलो नव्हतो. हिशोब, डिझेल, टायर, बँकेचा हप्ता एवढंच माझ्याकडे. पण मागच्या सीझनला कसारा घाट उतरताना ट्रेलरच्या ब्रेक लायनरमधून (ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला घासतो तो थर) धूर निघाला, मामांनी गाडी कशीबशी लतीफवाडीला आणून लावली आणि तिथून मला फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. कागदावर वजन बरोबर होतं. प्रत्यक्षात ते कुणी बघितलंच नव्हतं, आणि बघायची जबाबदारी माझी होती. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये रांगड्या कांद्याचा पहिला कंटेनर ठरला तेव्हाच घरी सांगून टाकलं की या फेरीला मी जातोय.

मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, सगळे त्यांना मामाच म्हणतात, तीस वर्षं अवजड गाडीवर. सोबत क्लीनर पोरगा आणि मी.

दिवस पहिला : आडगाव ते पिंपळगाव बसवंत

सकाळी सहाला आडगावच्या ट्रक टर्मिनलला पोचलो. थंडी मरणाची, निफाडकडून वारा सुटलेला, हातात चहाचा ग्लास धरला तरी बोटं वळत नव्हती. रिकामा रिफर कंटेनर (माल गार ठेवणारा) आदल्या रात्रीच आला होता, चाळीस फुटी, पुढच्या भिंतीवर त्याला वीज देणारा जनसेट लटकवलेला.

मामांनी चहा प्यायच्या आधी टॉर्च काढली आणि घोड्याच्या मागे खाली शिरले. (घोडा म्हणजे पुढची ओढणारी गाडी, ट्रेलर मागचा.) मलाही आत बोलावलं. ट्रेलरच्या खाली जो जाड पोलादी खिळा असतो, किंगपिन, तो घोड्यावरच्या टेबलात बसतो आणि टेबलाचे जबडे त्याला मागून आवळतात. मामा म्हणाले, "दादा, हँडल आत गेलं म्हणजे लॉक झालं असं नसतं. जबडा पिनच्या मागं मिटलेला डोळ्यानं बघायचा, आणि टेबल आन् ट्रेलरच्या पत्र्यात उजेड दिसला नाही पाहिजे." ग्रीस लावलेल्या त्या काळ्या जबड्यावर टॉर्चचा गोल पडला होता, फट कुठंच नव्हती. मग वर येऊन ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवले, पहिल्या गिअरमध्ये घोडा हळूच पुढं ओढून बघितला, गाडी जागची हलली नाही. एवढं झाल्यावर ट्रेलरचे पाय वर घेतले. पाय वर घ्यायच्या आधी ही ओढून बघायची परीक्षा करायची, नंतर नाही, कारण जोड सुटलाच तर ट्रेलर पायांवर तरी उभा राहतो.

हवेच्या दोन नळ्या, लाल आणि पिवळी. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीत हवा जाते, ती तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पिवळी नळी पायानं ब्रेक दाबला की ट्रेलरला निरोप देते. पिवळी नीट बसली नसेल तर सरळ रस्त्यावर कळतसुद्धा नाही, घाटात कळतं.

मग मिसळ खाल्ली, नाशिकची काळ्या मसाल्याची, सोबत पापड, दोन वेळा रस्सा घेतला आणि निघालो. पिंपळगावला व्यापाऱ्याच्या कांद्याच्या शेडवर जायच्या आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घातली. १८ टन ९० किलो. त्यात घोडा, ट्रेलर, कंटेनर, जनसेट, डिझेल आणि आम्ही तिघं, सगळं आलं. ही रिकामी पावती प्रत्येक फेरीला करा, दीडशे रुपयांकडे बघू नका. कंटेनर बदलला की रिकामं वजन बदलतं, जनसेट असेल तर अजून बदलतं, आणि व्यापारी मात्र दर वेळी तोच जुना आकडा धरून माल भरतो.

आता मर्यादेचं गणित, थोडं कंटाळवाणं आहे पण वाचा. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक्सलवरची परवानगी वाढवली. पुढच्या दोन टायरच्या एक्सलला ७ टन, मागच्या चार टायरच्या एक्सलला ११.५ टन, आणि ट्रेलरच्या तीन एक्सलच्या संचाला २७ टन. आमचा घोडा सहा टायरी, म्हणजे बेरीज ४५.५ टन, आमच्या आरसीवर तोच आकडा आहे. दहा टायरी घोडा असेल तर मागच्या दोन एक्सलला मिळून २१ टन आणि सगळी बेरीज ५५. माल जड असेल तर भाड्याला घोडाच दहा टायरी सांगा, सहा टायरीला दाबून भरू नका. २०१९ च्या सुधारित कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे, वर जादा माल तिथंच उतरवायला लावतात. पण दंडाची भीती मला फारशी वाटत नाही, भीती उताराची वाटते.

शेडवर बायका कांदा निवडत बसलेल्या. एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील, कांदा हातात घेतला की न बघता अंगठ्यानं मान दाबायच्या आणि मऊ असला की बाजूच्या पाटीत टाकायच्या, हात थांबायचा नाही. म्हणाल्या, "डोळ्याला चांगला दिसतो रे बाबा, पण मान वली असली की पोत्यात सडतो." दुपारी त्यांनीच डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. कांदा फोडून घेतला, तिथं कांद्याला काय तोटा.

पंचवीस किलोच्या लाल जाळीच्या १,१२० गोण्या, म्हणजे अठ्ठावीस टन. रिफरच्या आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर माल लावायचा नाही, वरून गार हवा फिरायला जागा लागते. हमालांनी संध्याकाळी सातला शेवटची गोणी लावली आणि आम्ही काट्यावर गेलो.

४६ टन २४० किलो. म्हणजे ७४० जास्त.

शेठ, म्हणजे कांद्याचे व्यापारी, म्हणाले एवढं चालतं. मी म्हणालो नाही चालत. मामा काहीच बोलले नाहीत, त्यांनी गाडी मागं घेतली आणि परत पुढं आणली, या वेळी फक्त पुढची चाकं काट्यावर. मग घोड्याची सगळी चाकं. मग पूर्ण गाडी. तीन आकडे मी पावतीच्या मागं लिहिले. पुढचा एक्सल ६,५६०. घोडा एकूण १७,९००, म्हणजे मागचा एक्सल ११,३४०. उरलेले २८,३४० ट्रेलरच्या तीन एक्सलवर, तिथं मर्यादा २७ हजार. सगळा बोजा ट्रेलरच्या मागच्या अंगाला होता. असं वजन कुठल्याही काट्यावर करता येतं, फक्त काट्याच्या पुढची मागची जमीन सपाट हवी.

परत शेडवर आलो, दार उघडलं आणि दाराजवळच्या चाळीस गोण्या उतरवल्या. एक टन गेला. मला वाटलं झालं काम. काट्यावर एकूण ४५,२४०, मर्यादेच्या आत, ट्रेलर बरोबर २७ हजार. आणि घोड्याचा मागचा एक्सल मात्र ११,६४०! माल काढला आणि घोडा जड झाला. मी आकडे दोनदा तपासले.

मामांनी शांतपणे समजावलं. "बैलगाडी हाकलीय ना? मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलाच्या मानेवरून वर उचलतं. मागचं काढलं की परत मानेवर बसतं. ट्रेलरचं तेच हाये. दाराजवळचा माल चाकांच्या मागं असतो, तो घोड्याला उचलून धरत होता. आपण तो काढला." एवढं सोपं. माझ्या डोक्यात मात्र आयुष्यभर फक्त एकच बेरीज होती, ४५.५.

मग दोन पोरं गोण्यांवरून सरपटत आत गेली आणि कंटेनरच्या मध्यावरच्या वरच्या थरातून अजून वीस गोण्या हातोहात बाहेर काढल्या. थंडीतही त्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. रात्री साडेदहाला शेवटचं वजन : पुढचा ६,५८०, मागचा ११,४९०, ट्रेलर २६,६७०, एकूण ४४,७४०. साठ गोण्या शेडवर राहिल्या. शेठ नाराज झाले, त्यांचंही बरोबर होतं, वर तेव्हा कांद्यावर २० टक्के निर्यात शुल्क बसलेलं, प्रत्येक गोणीत त्यांचे पैसे. पण गाडी तेवढीच नेते जेवढी नेते. कंटेनरचं खरं वजन तसंही बंदराला लेखी द्यावं लागतं, जुलै २०१६ पासून ते जगभर सक्तीचं आहे, बिनवजनाचा कंटेनर जहाजावर चढत नाही.

पोरांना चहा पाजला आणि वरचे पैसे दिले. केबिनमध्ये तिघं दोन रजयांत झोपलो, मागं जनसेट रात्रभर घुरघुरत होता.

दिवस दुसरा : नाशिक, इगतपुरी आणि घाट

पहाटे चारला निघालो. ओझरपाशी इतकं धुकं की पुढच्या ट्रकचे दिवे फक्त लाल ठिपके. नाशिकच्या उड्डाणपुलावरून गेलो तेव्हा खाली द्वारका अजून झोपलेली. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, भराभर मागं पडलं. भरलेल्या गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती अंतर. कारमधून आपण ज्या फटीत घुसतो ना, ती फट ट्रेलरवाल्यानं थांबण्यासाठी ठेवलेली असते. मामा फट ठेवायचे, कुणीतरी घुसायचं, मामा परत मागं राहायचे, एकदाही हॉर्न वाजवून भांडले नाहीत. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट काम पडतं, हे त्यांना शाळेनं शिकवलेलं नाही पण पायाला माहीत आहे.

घोटीला उजाडलं. इगतपुरीत गाडी बाजूला लावली आणि गरम वडापाव घेतला, सोबत तळलेली मिरची. डोंगरावर ऊन आलं होतं, खाली दरीत ढग बसलेले. इथं मामांनी अर्धा तास घेतला. अठराच्या अठरा टायर हातोड्यानं वाजवून बघितले, कंटेनरचे चारही लॉक बघितले, हवा आठ बारवर येईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, मग ब्रेक दाबून धरून हवेचा काटा खाली सरकतो का ते बघितलं.

इगतपुरी साधारण सहाशे मीटरवर आणि कसारा तीनशेवर, म्हणजे पंचेचाळीस टनाची गाडी काही किलोमीटरमध्ये तीनशे मीटर खाली आणायची. मी बसल्या बसल्या मोबाईलवर हिशोब केला, ही सगळी ताकद ब्रेकनंच जिरवायची म्हटलं तर तेवढ्या उष्णतेत चारशे लिटरच्या आसपास पाणी उकळेल. दोन मोठी बॅरल. ती उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये जाते, आणि तापलेला लायनर घसरतो, पकडत नाही. शेजारच्या रेल्वेचंही तेच दुखणं आहे, थळ घाटात चढ ३७ ला १, म्हणून कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. आम्हाला ढकलायला नाही, अडवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते काम इंजिनाचं.

घाट सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर, मामांनी गिअर खाली घेतला. "ज्या गिअरात भरली गाडी चढंल त्याच्याहून एक खाली. उतारावर लागल्यावर गिअर शोधायचा नाही, सापडला नाही तर गाडी मोकळी होते." एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर कोंडून वेग अडवणारा) लावला, इंजिन गुरगुरायला लागलं, वेग पंचवीस. वेग तिशीकडे गेला की पाय ब्रेकवर ठाम, वीसपर्यंत खाली आणायचा, आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा. परत तिशी, परत ठाम, परत मोकळा. सतत हलका पाय ठेवून उतरणं हेच मागच्या वर्षी झालं होतं, तेव्हा गाडीवर बदली ड्रायव्हर होता शेवटच्या टप्प्यापर्यंत, आणि मामा मागं झोपलेले. माझा हात डॅशबोर्डवर इतका घट्ट होता की खाली आल्यावर बोटांचे ठसे धुळीत दिसत होते. एका वळणावर एक भरलेला ट्रक आम्हाला सुसाट ओलांडून गेला, इंजिनाचा आवाजच नाही. न्यूट्रल. मामा फक्त एवढंच बोलले, "देवा, पोचव त्याला."

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांना हात जोडून सांगतो, गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन तसंही डिझेल घेत नाही. वाचत काहीच नाही.

लतीफवाडीला थांबलो. मागच्या वर्षी धूर निघाल्यावर गाडी जिथं आणून लावली होती तीच जागा. मामा एकेका चाकाजवळ जाऊन हाताचा पंजा ड्रमपासून चार बोटं लांब धरायचे. मला वाटलं जो जास्त तापलाय तो शोधतायत. तिसऱ्या एक्सलच्या डाव्या चाकाजवळ ते थांबले आणि म्हणाले, "हा गार हाये." त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ही चांगली बातमी नाही. बाकी सगळे ड्रम गरम आणि हा गार, म्हणजे या चाकानं ब्रेकचं काम केलंच नाही, याचा वाटा बाकीच्यांनी ओढला. खाली बघितलं तर स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई आवळायचा भाग, पार सैल. मागच्याच आठवड्यात एका गॅरेजला सगळे ब्रेक तपासून, पैसे देऊन गाडी आणली होती, एक चाक राहून गेलं. मला खूप राग आला, मामा मात्र पाना घेऊन आधीच खाली झोपले होते. चाकांना लाकडी गुटके लावले, पार्किंग ब्रेक सोडला, बोल्ट लायनर टेकेपर्यंत आवळला आणि मग थोडा मागं फिरवला, पोराकडून ब्रेक दाबून घेतला, दांडा किती बाहेर येतो ते मला दाखवलं. दहा मिनिटांचं काम. घाट उतरल्यावर चाकांना हात दाखवायची ही सवय ज्याच्याकडे ट्रेलर आहे त्या प्रत्येकानं लावून घ्या, आणि गरमबरोबर गारही शोधा. ड्रमला हात लावू नका, कातडी निघेल.

रस्त्याकडेला एक ठाकर बाई उकडलेल्या शेंगा विकत होती, तीन पुडे घेतले. खर्डी, आटगाव, शहापूर, रस्त्याची कामं चालू, वळणं घालून घालून गाडी सरकत होती. हा घाट टाळता येईल असा समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा तेव्हा झाला नव्हता, तो जून २०२५ मध्ये खुला झाला. पडघ्याच्या पुढं एका ढाब्यावर चार तास काढले, कारण ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना वेळेचं बंधन असतं. उकाडा सुरू झाला, सकाळी रजई आणि दुपारी बनियन. रात्री मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली करत पहाटे न्हावाशेव्याच्या रांगेत लागलो.

दिवस तिसरा : रांग आणि उरण

रांगेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, अकरा तास गेले. पाणी, बिस्किटं, आणि जनसेटला पुरेल एवढं डिझेल सोबत ठेवा, कांदा रांगेतही गार राहावा लागतो.

बाजूच्या ट्रेलरवर एक लातूरकडचा ड्रायव्हर होता, त्यानं आमच्या पावतीच्या मागचे आकडे बघितले आणि विचारलं हे काय. मामांनी त्याला जमिनीवर काडीनं बैलगाडी काढून दाखवली. अजून दोघं येऊन उकिडवे बसले. त्यातला एक म्हणाला की त्याची गाडी भरल्यावर स्टेअरिंग हलकं लागतं, वळवताना पुढची चाकं घसरल्यासारखी वाटतात. मामा म्हणाले, मागं जास्त भरतायत तुझ्या, पुढच्या एक्सलवर वजनच येत नाही. तो बराच वेळ त्या काडीच्या चित्राकडे बघत बसला.

संध्याकाळी कंटेनर उतरला. क्रेननं उचलला तेव्हा ट्रेलरचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सावकाश वर आले, इंचभर नाही, चांगले वीतभर वाटले मला. रात्री उरणला एका आगरी खाणावळीत जेवलो, तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, सुका जवळा. पोरगा नांदगावकडचा, त्यानं समुद्रच पहिल्यांदा बघितला होता, अंधारात काही दिसत नव्हतं तरी तो आवाज ऐकत उभा होता, आम्ही थांबलो त्याच्यासाठी.

दिवस चौथा : परत

परतीला रिकामा रिफर मिळाला. रिकाम्या गाडीला भीती नाही असं मी समजत होतो, पण रिकाम्या ट्रेलरवर उंच डबा आणि वजन कमी, खाडीवरच्या पुलावर वाऱ्यानं गाडी बाजूला सरकल्यासारखी झाली. शिवाय रिकाम्यात जोरात ब्रेक मारला की ट्रेलरची चाकं लॉक होऊन मागचा भाग आडवा येतो. मामा रिकाम्यातही साठीच्या पुढं गेले नाहीत.

घाट चढताना दुसऱ्या बाजूनं उतरणाऱ्या गाड्या बघत होतो, आता ब्रेकचा दिवा लागतो विझतो ते कळत होतं, आणि ज्याचा दिवा विझतच नाही तोही कळत होता. घोटीत घरच्यांसाठी दहा किलो तांदूळ घेतला. नाशिकला संध्याकाळी पोचलो, पण मामा म्हणाले डबा आजच शेडवर लावू, म्हणून तसेच पिंपळगावला गेलो.

जाताना वाटेत काट्यावर रिकामं वजन केलं. १७ टन ९४० किलो, डबा दुसरा, वजन दुसरं.

शेडवर आमच्या साठ गोण्या भिंतीला तशाच लावून ठेवलेल्या. शेठ बाहेर आले, मामांना तंबाखू दिली, आणि विचारलं, "मग, उद्या किती भरायच्या?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पावतीच्या मागचे आकडे बघून सांगितलं, "एक हजार साठ. आणि मधे एक थर कमी लावा, रात्री पोरांना परत आत सरपटायला नको."

शेठनी हमालांच्या मुकादमाला हाक मारली.